मक्याचा हिशेब आणि स्त्रीचे श्रम : नाफ्टा करारोत्तर चियापासमधील आदिवासी स्त्रियांविषयीच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

1 जानेवारी 1994 रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांमधील उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार, म्हणजेच नाफ्टा, अमलात आला. त्याच दिवशी पहाटे मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यात झापातिस्ता बंडखोरांनी सान क्रिस्तोबालसह अनेक गावे ताब्यात घेतली. हे बंडखोर प्रामुख्याने त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल व तोहोलाबाल या माया समूहांतील होते आणि त्यांच्या दलात स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. व्यापार उदारीकरण आणि आदिवासी समाज यांच्या संबंधाची चर्चा त्यानंतर जगभर या दोन घटनांच्या योगायोगापासून सुरू होऊ लागली. या चर्चेचे साहित्य आज विपुल आहे. तथापि, ज्या माया स्त्रियांची छायाचित्रे या साहित्याच्या मुखपृष्ठांवर आढळतात, त्यांच्या जीवनावर उदारीकरणाचा परिणाम नेमका कोणत्या मार्गाने झाला, या प्रश्नाचे उत्तर त्यातील बराच भाग देत नाही.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित आहे. नाफ्टाच्या समर्थकांची व विरोधकांची मांडणी तपासून पाहणे हा त्याचा हेतू होय. या दोन्ही पक्षांनी परिणामाचे मोजमाप करताना 'शेतकरी' व 'कुटुंब' ही एकके गृहीत धरली. त्यामुळे स्त्रीने विनामोबदला उचललेला भार एका पक्षाला 'हानी झाली नाही' याचा पुरावा वाटला, तर दुसऱ्या पक्षाला तो 'संस्कृतीचा प्रतिकार' वाटला, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

कराराची पार्श्वभूमी

उदारीकरणाची प्रक्रिया नाफ्टापासून सुरू झाली, असे मानणे योग्य ठरणार नाही. 1982 च्या कर्जसंकटानंतर मेक्सिकोने संरचनात्मक समायोजनाचा मार्ग पत्करला आणि 1986 मध्ये गॅट कराराचे सदस्यत्व घेतले. जुलै 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटा पद्धती कोसळली व कॉफीचे भाव झपाट्याने उतरले. त्याच सुमारास लहान उत्पादकांकडून कॉफी खरेदी करणारी इनमेकाफे ही सरकारी संस्था मोडीत काढण्यास प्रारंभ झाला. चियापास हे मेक्सिकोतील सर्वाधिक कॉफी पिकविणारे राज्य असून तेथील उत्पादकांमध्ये अल्पभूधारक आदिवासींचे प्रमाण मोठे आहे. नाफ्टा येण्यापूर्वीच त्यांच्या हाती येणारी रोख रक्कम अशा रीतीने आटली होती.

नाफ्टामध्ये मक्यासाठी पंधरा वर्षांचा संक्रमणकाळ ठरविण्यात आला. पहिल्या वर्षी 25 लाख टन मका शुल्काविना आयात करता येणार होता. हा कोटा दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढणार होता आणि त्यावरील आयातीवर आरंभी 215 टक्के शुल्क लागणार होते. 2008 पर्यंत हे शुल्क शून्यावर यावयाचे होते. प्रत्यक्षात मेक्सिको सरकारने अनेक वर्षी कोट्यावरील आयातीस शुल्क न आकारताच परवानगी दिली. पंधरा वर्षांची मुदत कागदावरच राहिली. उत्पादकास मिळणारी मक्याची वास्तव किंमत 1990 च्या दशकात जवळपास निम्म्याने घसरली. आयात मका मुख्यतः पिवळा व पशुखाद्यासाठीचा होता आणि माणसांच्या आहारातील पांढरा मका प्रामुख्याने देशातच पिकत राहिला, हे खरे. परंतु देशांतर्गत किमतीची दिशा आयातीमुळे बदलली, याविषयी फारसा मतभेद नाही.

समर्थकांची मांडणी : 'जो विकत नाही, त्याचे नुकसान नाही'

नाफ्टाच्या बाजूने लिहिणारे सर्वच अभ्यासक बेफिकीर होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सान्तियागो लेवी व स्वेडर व्हान वाइनबर्गन यांनी मक्याचा व्यापार एकाएकी खुला केल्यास ग्रामीण मजुरी व कोरडवाहू जमिनीचे मोल घसरेल, असा इशारा देऊन टप्प्याटप्प्याने जाण्याचा व जमीन सुधारणेत गुंतवणूक करण्याचा आग्रह धरला होता. आलां द झाँव्री, एलिझाबेथ साडुले व गुस्तावो गोर्दियो यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात वेगळा मुद्दा पुढे आणला. मेक्सिकोतील सामुदायिक भूधारणेच्या, म्हणजे एहिदो क्षेत्रातील मका उत्पादकांपैकी मोठा हिस्सा मका बाजारात विकतच नाही, सबब किमतीच्या घसरणीचा प्रत्यक्ष फटका त्यास बसणार नाही. उलट जो विकत घेतो, त्यास स्वस्ताईचा लाभ होईल, हे त्या मुद्द्याचे सार होय.

किंमत-सिद्धान्ताच्या चौकटीत हा युक्तिवाद निर्दोष आहे. चियापासच्या डोंगराळ भागातील बहुतेक आदिवासी कुटुंबे वर्षभर पुरेल इतका मका पिकवू शकत नाहीत. तथापि, येथे दोन बाबी नजरेआड होतात. पहिली अशी, की मका न विकणारे कुटुंब बाजारापासून अलिप्त नसते. मीठ, साबण, औषध, खत यांसाठी त्यास रोकड लागते आणि ती कॉफीतून, मळ्यांवरील हंगामी मजुरीतून वा अडचणीच्या वेळी घरातील थोडा मका विकून येत असते. उदारीकरणाच्या काळात हे तिन्ही स्रोत एकाच वेळी क्षीण झाले. स्वस्ताईचा लाभही ग्राहकापर्यंत पोहोचला नाही. मका खरेदी व अन्नपुरवठा करणारी कोनासुपो ही सरकारी यंत्रणा 1999 मध्ये बंद झाली, तोर्तियाच्या किमतीवरील नियंत्रण उठले आणि शेतमालाचे भाव पडत असतानाच तोर्तिया महाग होत गेली. जानेवारी 2007 मध्ये तोर्तियाच्या दरवाढीविरुद्ध राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला, ही घटना या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

दुसरी बाब अधिक मूलगामी आहे. 'स्वतःपुरते पिकविणे' या शब्दप्रयोगात पिकविण्याचे श्रम गणले जातात, खाण्याजोगे करण्याचे श्रम गणले जात नाहीत. मका शेतातून घरी आला म्हणजे अन्न झाले, असे नाही. तो सोलावा लागतो, चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवावा लागतो, धुवावा लागतो, पाट्यावर वा हातगिरणीवर वाटावा लागतो आणि मग थापून भाजावा लागतो. त्यासाठी सरपण व पाणी डोंगरातून आणावे लागते. भाकरीवर वाढलेल्या महाराष्ट्रातील वाचकास या कष्टांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. ज्या गावी गिरणी आली, तेथे वाटण्याचे श्रम निश्चितच कमी झाले. परंतु गिरणीस रोख पैसे लागतात. हातात रोकड नसेल, त्या दिवशी स्त्री पुन्हा पाट्याकडे वळते. घरात पिकविलेल्या मक्याची 'किंमत' या श्रमांना वगळून ठरविणारा हिशेब मुळातच अपुरा आहे.

विरोधकांची मांडणी : 'शेतकरी उद्ध्वस्त झाला'

विरोधकांनी अमेरिकेतील अनुदानित मक्याकडे लक्ष वेधले. उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने येणाऱ्या धान्यापुढे कोरडवाहू डोंगरउतारावरील शेतकरी टिकू शकत नाही, ही त्यांची मांडणी बव्हंशी ग्राह्य आहे. आलेहान्द्रो नादाल यांनी 2000 मध्ये ऑक्सफॅम व डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थांसाठी केलेला अभ्यास या पक्षातील सर्वांत जबाबदार लेखनांपैकी एक होय. त्यांनीच एक अडचणीचे सत्य नोंदविले : किंमत पडूनही मेक्सिकोतील मक्याचे एकूण उत्पादन घटले नाही, आणि गरीब उत्पादकांनी मक्याचा पेरा सोडला नाही.

या एका तथ्याभोवती सर्व वाद फिरतो. समर्थक म्हणतात, पेरा टिकला, अर्थात हानी झाली नाही. विरोधकांतील अनेकजण म्हणतात, पेरा टिकला, कारण मका हा माया माणसाचा देह आहे, तो त्याचा धर्म आहे. हा बाजाराविरुद्धचा प्रतिकार आहे. मक्याचे सांस्कृतिक स्थान नाकारण्याचे कारण नाही. परंतु पेरा टिकला तो कोणाच्या श्रमांवर, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारत नाहीत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चियापासमधील पुरुष मोठ्या संख्येने उत्तरेकडील शहरांकडे, कान्कूनसारख्या पर्यटनस्थळांकडे व पुढे अमेरिकेकडे जाऊ लागले. मागे राहिलेल्या शेतात, ज्यास तेथे मिल्पा म्हणतात आणि ज्यात मका, घेवडा, भोपळा व रानभाज्या एकत्र वाढतात, खुरपणी, राखण व काढणी ही कामे स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्याकडे अधिकाधिक येत गेली. पूर्वीचे घरकाम तसेच राहिले. म्हणजे मक्याची किंमत पडली, तेव्हा तोटा भरून काढला तो मुख्यतः स्त्रीच्या बिनपगारी कामाच्या तासांनी. ज्यास एक पक्ष 'शून्य हानी' व दुसरा पक्ष 'प्रतिकार' म्हणतो, ते एकाच श्रमाचे दोन चुकीचे नामकरण आहे.

कार्मेन डायना डियर यांनी लॅटिन अमेरिकेतील 'शेतीच्या स्त्रीकरणा'चा आढावा घेताना, शेतातील काम वाढणे आणि शेतीवरील निर्णयाधिकार वाढणे या दोन भिन्न गोष्टी असल्याचे दाखवून दिले आहे. चियापासच्या संदर्भात हा भेद निर्णायक ठरतो, कारण निर्णयाधिकाराचा प्रश्न शेवटी जमिनीच्या नोंदीपाशी येऊन थांबतो.

जमिनीची नोंद

नाफ्टाची पूर्वतयारी म्हणून 1992 मध्ये मेक्सिकोच्या राज्यघटनेतील कलम 27 मध्ये दुरुस्ती करण्यात आली. क्रांतीनंतरच्या काळात सुरू झालेले जमीनवाटप थांबविण्यात आले आणि एहिदोची जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा व विशिष्ट प्रक्रियेनंतर विकण्याचा मार्ग खुला झाला. 1971 च्या कायद्यात स्त्रियांना भूधारणेचा समान हक्क मान्य होता; शिवाय वारस म्हणून प्राधान्याने पत्नी वा मुले यांचीच निवड करावी लागत असल्याने जमिनीस कौटुंबिक ठेव्याचे स्वरूप होते. नव्या कायद्याने भूधारकास कोणासही वारस नेमण्याची मुभा दिली. खासगी मालकीत आलेली जमीन विकावयाची झाल्यास पत्नीस प्रथम खरेदीचा हक्क मात्र ठेवला, तोही तीस दिवसांच्या मुदतीचा. ज्या स्त्रीच्या हाती गिरणीचे पैसे नसतात, तिने तीस दिवसांत जमिनीचे मोल कोठून उभे करावे? डियर व माग्दालेना लेओन यांनी 2001 मधील आपल्या ग्रंथात या बदलास कौटुंबिक मालमत्तेचे व्यक्तिगत, आणि व्यवहारात पुरुषाच्या, मालमत्तेत झालेले रूपांतर म्हटले आहे, ते यथार्थ होय. त्या सुमारास संपूर्ण मेक्सिकोत एहिदो भूधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाचात एकीपेक्षाही कमी होते.

येथे भाबडेपणा टाळावयास हवा. परंपरेने सर्व काही दिले होते व उदारीकरणाने ते हिरावून घेतले, अशी मांडणी वस्तुस्थितीस धरून नाही. चियापासच्या अनेक माया गावांत रूढीनेही जमीन प्रामुख्याने मुलांकडे जात असे आणि गावसभेत मत देण्याचा अधिकार भूधारक पुरुषाचा असे. रूढीतील या उणिवेची किंमत उदारीकरणाने वाढविली. जमीन विकता येत नव्हती, तेव्हा नोंद नवऱ्याच्या नावे असली तरी शेत घरातच राहत असे. जमीन बाजारात येण्याची शक्यता निर्माण झाली, नवरा हजारो मैल दूर गेला आणि शेत स्त्री कसू लागली, तेव्हा तीच नोंद तिच्या असुरक्षिततेचे कारण ठरली.

रोख रकमेचे दोन मार्ग

किमतीच्या घसरणीची भरपाई म्हणून सरकारने प्रोकाम्पो ही योजना आणली. तीत हेक्टरमागे रोख रक्कम मिळे. ज्याच्याकडे अधिक जमीन, त्यास अधिक भरपाई, असे तिचे गणित असल्याने अर्धा-एक हेक्टर कसणाऱ्या आदिवासीच्या वाट्यास अल्पच आले. आणि नोंद पुरुषाची असल्याने ती रक्कम सामान्यतः त्याच्याच हाती पडली. 1997 मध्ये सुरू झालेली प्रोग्रेसा, पुढे ओपोर्तुनिदादेस व 2014 पासून प्रोस्पेरा या नावाने चाललेली योजना मात्र आईच्या हाती पैसे देत असे. मुलांची शाळेतील हजेरी व दवाखान्यातील तपासण्या या तिच्या अटी होत्या. पोषण व शालेय शिक्षणात तिच्यामुळे झालेली सुधारणा मान्य केली पाहिजे. तरीही 2019 मध्ये बंद झालेल्या या योजनेचा स्त्रीविषयक दृष्टिकोन चिकित्सेस पात्र आहे. शेतकरी म्हणून भरपाई पुरुषास आणि माता म्हणून साहाय्य स्त्रीस, ही विभागणी दोन योजनांनी मिळून पक्की केली. ज्या वर्षांत स्त्री प्रत्यक्षात शेत कसू लागली होती, नेमक्या त्याच वर्षांत शासनाच्या दप्तरी ती केवळ आई होती.

तिसरा मार्ग हस्तकलेचा. कमरेस पट्टा बांधून चालवावयाच्या मागावर विणलेले कापड माया स्त्रिया पूर्वी मुख्यतः घरासाठी विणत. कॉफीचे उत्पन्न आटल्यावर ते विक्रीसाठी विणण्याचे प्रमाण वाढले. सत्तरच्या दशकात स्थापन झालेली स्ना होलोबिल व 1996 मध्ये उभी राहिलेली होलोम मायाएतिक या विणकर स्त्रियांच्या संस्थांनी वस्त्रास बरा भाव मिळवून दिला. हिशेब ठेवणे, स्पॅनिश बोलणे, गावाबाहेर जाणे ही कौशल्ये अनेकींनी तेथे कमावली. जागतिक बाजार स्त्रीस केवळ चिरडतो, असे मानणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. परंतु संस्थेबाहेरची विणकर पर्यटकासमोर जो भाव स्वीकारते, त्यात तिचे दिवस मोजले जात नाहीत. जून नॅश यांच्या लेखनातून आणखी एक बाब दिसते : स्त्रीचे उत्पन्न व सार्वजनिक वावर वाढल्यावर घरात व गावात तिच्यावरील दडपण व हिंसाही वाढू शकते. उत्पन्न म्हणजे सक्षमीकरण, हे समीकरण यामुळे तपासूनच वापरावे लागते.

स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे

झापातिस्ता दलाने बंडासोबतच 'स्त्रियांचा क्रांतिकारी कायदा' जाहीर केला. तो 1993 मध्ये गावोगावच्या स्त्रियांशी चर्चा करून संमत झाला होता. त्याच्या दहा कलमांत काम व न्याय्य वेतन, अपत्यसंख्या ठरविणे, जोडीदाराची निवड, शिक्षण, आरोग्य, पद धारण करणे व मारहाणीपासून मुक्तता हे हक्क आहेत. नाफ्टाविरुद्धच्या लढ्याच्या पहिल्याच दिवशी माया स्त्रियांनी स्वतःच्या समाजातील रूढींनाही आव्हान दिले, ही घटना असाधारण होय. मात्र या दहा कलमांत जमिनीच्या हक्काचे स्वतंत्र कलम नाही, याकडे गौरवपर लेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बंडखोर चळवळीच्या कल्पनेतही जमीन 'समाजाची' व पर्यायाने भूधारक पुरुषाची राहिली, असा निष्कर्ष त्यातून काढता येतो. 28 मार्च 2001 रोजी कोमान्दांता एस्तेर यांनी मेक्सिकोच्या संसदेत केलेल्या भाषणात गरीब, आदिवासी व स्त्री या तिहेरी स्थितीचे वर्णन केले आणि समाजातील चांगल्या व वाईट रूढी निवडण्याचा अधिकार स्त्रियांचाच असल्याचे सांगितले. समर्थक व विरोधक या दोहोंच्या मांडणीत जे सापडत नाही, ते या भूमिकेत सापडते.

आपल्याकडील एक संदर्भ

मराठी वाचकास हा वाद सर्वस्वी अपरिचित नाही. 1990 च्या दशकारंभी डंकेल प्रस्तावावरून देशभर वादळ उठले असता शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने खुल्या व्यापाराचे समर्थन केले होते. त्याच संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे विशाल अधिवेशन भरविले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, असा आग्रह धरला. खुल्या व्यापाराविषयीचे त्यांचे मत कोणास पटो वा न पटो; बाजार उघडण्याच्या चर्चेबरोबरच सातबाऱ्यावरील स्त्रीच्या नावाचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला, हे महत्त्वाचे. मेक्सिकोच्या धोरणकर्त्यांनी नेमके याच्या उलट केले. पुढे भारतात 2006 च्या वनहक्क कायद्याने विवाहित दावेदाराच्या बाबतीत हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविण्याची व ते हस्तांतरणीय नसण्याची तरतूद केली. दुसरीकडे, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 ची दुरुस्ती अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. आदिवासी स्त्रीच्या बाबतीत कायदा एका हाताने देतो व दुसऱ्या हाताने थांबतो, हे चित्र आपल्याकडेही आहे.

समारोप

नाफ्टाची जागा 1 जुलै 2020 रोजी नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. 2023 मध्ये मेक्सिकोने तोर्तियासाठी जनुकीय परिवर्तित मक्याच्या वापरास बंदी घातली. डिसेंबर 2024 मध्ये करारांतर्गत लवादाने या निर्बंधांविरुद्ध निर्णय दिला. मार्च 2025 मध्ये मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवरील बंदी राज्यघटनेतच समाविष्ट केली. देशी मक्याच्या रक्षणाचा हा निर्धार स्वागतार्ह आहे. परंतु या नव्या वादातही 'मका' व 'राष्ट्र' यांची चर्चा झाली, तितकी तो मका जपून ठेवणाऱ्या, निवडून पेरणाऱ्या व खाण्याजोगा करणाऱ्या स्त्रीच्या भूधारणेची झाली नाही.

बीना अग्रवाल यांनी 1994 मध्येच दक्षिण आशियाच्या संदर्भात कुटुंब हे एकसंध हिताचे एकक मानण्यातील दोष दाखविला होता. व्यापारविषयक अभ्यासाने तो धडा अद्याप पुरता घेतलेला नाही. कोणत्याही व्यापार कराराचे मूल्यमापन करताना किंमत, उत्पादन व आयात यांच्या तक्त्यांबरोबर तीन प्रश्न विचारले जावेत, असे सुचवावेसे वाटते : जमीन कोणाच्या नावे आहे, भरपाईची रक्कम कोणाच्या हाती पडते, आणि किंमत पडल्यावर कोणाच्या कामाचे तास वाढतात. चियापासमधील माया स्त्रियांच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे विखुरलेल्या स्वरूपात उपलब्ध आहेत. ती एकत्र ठेवून वाचली असता, उत्पादन टिकले म्हणून हानी झाली नाही, हा निष्कर्ष टिकत नाही.